इंजिनं चालूच ठेवा

नमस्कार श्रोतेहो.

पंधरा मिनिटं मिळाली आहेत. काचेपलीकडे बाई घड्याळ घेऊन बसल्यात आणि त्यांनी मला आधीच बजावलंय, ‘काका, लेहमध्ये फार वेळ घालवू नका.’ मी हो म्हटलंय. बघू.

आजचा विषय आहे युद्धातल्या मालवाहू विमानांचे वैमानिक. मी स्वतः वैमानिक नव्हे बरं का. हवाई दलात इंजिन फिटर होतो. डकोटा म्हणजे दोन इंजिनांचं मालवाहू विमान. त्यावर शिकलो, त्यावरच हात काळे केले. त्यामुळे या मंडळींना मी कायम खालून पाहिलंय. विमानानं धावपट्टी सोडली की फिटरचं काम संपतं आणि वाट बघणं सुरू होतं. परत येताना आधी आवाज कानावर घ्यायचा. दोन्ही इंजिनं एका सुरात आहेत का? आहेत ना, मग डोळे वर करायचे.

लढाऊ विमानाचा वैमानिक सगळ्यांना ठाऊक असतो. कॅलेंडरवर तो, भिंतीवरच्या चित्रात तो, गणेशोत्सवाच्या देखाव्यातसुद्धा तोच. माझं त्याच्याशी काही वैर नाही. पण मालवाहू विमानाच्या वैमानिकाचा देखावा केलेला मी आजवर एकदाही पाहिला नाही. पिठाची पोती आणि रॉकेलचे डबे घेऊन जाणाऱ्या माणसाचा देखावा कोण करणार?

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या विमानाला बंदूक नसते. परत सांगतो, बंदूक नसते. खालून गोळी आली तर उलट मारायला हातात काहीच नाही. वेगही नाही, की झटकन निसटावं. पोट भरलेलं, चाल मंद, आणि जायचं ठिकाण शत्रूला आधीच माहीत, कारण उतरायला धावपट्टी एकच. तिथे जायचं, उतरायचं, माल उतरवायचा, जखमी घ्यायचे, परत यायचं. आणि उद्या तेच. फायलीत त्याला सॉर्टी लिहितात. आम्ही मराठी पोरं खेप म्हणायचो. या वैमानिकांचं युद्ध खेपांचं असतं.

या धंद्याची मोठी शाळा भरली ती आपल्या आसामात, दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि चीनला जाणारा रस्ता तोडला. मग चाबुआ, दिनजान अशा तळांवरून अमेरिकन वैमानिक डोंगर ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला माल नेऊ लागले. युद्ध संपेपर्यंत साधारण साडेसहा लाख टन माल त्यांनी पलीकडे टाकला. त्यापायी सुमारे सहाशे विमानं गेली. शत्रूनं पाडली त्याहून जास्त डोंगरांनी, बर्फानं आणि वाऱ्यानं घेतली. खाली जंगलात इतके सांगाडे चमकायचे, की वैमानिक त्या मार्गाला ॲल्युमिनियमची वाट म्हणायचे. युद्ध संपल्यावर उरलेली डकोटा विमानं स्वस्तात इकडेतिकडे गेली, काही आपल्याकडे राहिली. आणि दोन वर्षांत आपल्यालाच त्यांची गरज पडली.

२७ ऑक्टोबर १९४७. आदल्या दिवशी काश्मीरच्या महाराजांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. पहाटे दिल्लीहून डकोटा निघाल्या. आत पहिल्या शीख पलटणीचे जवान आणि त्यांचे लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. वैमानिकांना सांगितलेलं असं, की श्रीनगरच्या धावपट्टीवर आधी एक घिरटी घाला. आपली माणसं दिसली तर उतरा, नाही तर वळून जम्मू गाठा. म्हणजे निघताना कोणालाच माहीत नाही, धावपट्टी आपली आहे की पाकिस्तानातून चालून आलेल्या टोळीवाल्यांची. नुसतं मातीचं मैदान होतं ते. एक विमान उतरलं की धुळीचा असा लोट उठायचा, की मागच्याला काही दिसू नये. त्याच दिवशी कर्नल राय पडले. पण धावपट्टी आपल्याकडे राहिली, आणि मग खेपा सुरू झाल्या. हवाई दलाच्या विमानांबरोबर खासगी कंपन्यांच्या डकोटाही. त्यांच्या आतल्या खुर्च्या उपटून काढायच्या आणि जवानांनी जमिनीवर मांडी घालून बसायचं.

इथे एक बोलतो, विषयाला सोडून आहे. आज विमान जमिनीला टेकतं न टेकतं तोच लोक उठून वरचे कप्पे उघडायला लागतात. अहो, थांबा ना दोन मिनिटं! कुठे पळून जातंय तुमचं सामान? त्या जवानांना चाकं थांबायच्या आत उठायचा हक्क होता. तुम्हाला नाही.

असो. पुंछ. पुंछ शहराला १९४७ च्या नोव्हेंबरपासून वेढा पडला, तो जवळजवळ वर्षभर. आत थोडं सैन्य आणि हजारो निर्वासित. त्या निर्वासितांनी परेडच्या मैदानाजवळ हातांनी खणून धावपट्टी केली. बाजूला ओढे-नाले, वर डोंगर, डोंगरावर शत्रू. डिसेंबरमध्ये तिथे पहिली डकोटा उतरवली एअर कमोडोर मेहर सिंग यांनी.

हे नाव लिहून ठेवा. मेहर सिंग. पोरं त्यांना बाबा म्हणायची. मूळचे लढाऊ वैमानिक. सरहद्द प्रांतात तरुणपणी टोळीवाल्यांच्या गोळीनं विमान खाली आलं, तेव्हा डोंगरातून रातोरात चालत तळावर परतले आणि पुन्हा विमानात बसले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात सहाव्या स्क्वाड्रनचे प्रमुख. तिथे डीएसओ हे ब्रिटिशांचं मानाचं पदक मिळालं, आणि आपल्या हवाई दलात ते मिळालेले हे एकटेच. काश्मीरसाठी १९५० मध्ये महावीर चक्र. तोवर नोकरी सोडलेली होती, वरच्यांशी पटलं नाही म्हणून. १९५२ च्या मार्चमध्ये जम्मूहून दिल्लीला येताना वादळात विमान कोसळलं आणि गेले. सदतिसावं वर्ष पुरं होत होतं. आयुष्यभर एवढे डोंगर ओलांडलेला माणूस दिल्लीच्या मैदानात गेला.

तर पुंछ. पुढे मार्चमध्ये शत्रूनं तोफ आणली आणि धावपट्टीच टप्प्यात आली. दिवसा उतरणं बंद. आपल्या तोफा आत पोचवायच्या, तर त्या डकोटातूनच, आणि रात्री. मग धावपट्टीच्या कडेनं कंदील लावले. रॉकेलचे, आपल्या घरी असायचे तसे. त्या उजेडात मेहर सिंग उतरले, पोटात तोफ घेऊन. कंदिलाची काच काजळली की किती अंधूक दिसतं, हे ज्यांच्या घरी वीज उशिरा आली त्यांना वेगळं सांगायला नको. याच डकोटांनी बॉम्बही टाकले. मघाशी म्हटलं ना, बंदूक नसते. तर बॉम्ब टाकायची सोयही नसते. दारातून हातानं लोटून द्यायचे.

आता लेह. बाई बघू नका माझ्याकडे.

ही हकीकत मी ऐकली ती आमच्या एका वॉरंट ऑफिसरकडून. मी नवा पोरगा होतो तेव्हा ते निवृत्तीला आले होते. १९४८ मध्ये श्रीनगरच्या तळावर ते फिटर होते. पावसाळ्यात हँगरमध्ये काम कमी असलं की स्पार्क प्लग पुसत बसायचो. डकोटाला दोन इंजिनं, एकेकाला चौदा सिलिंडर, सिलिंडरला दोन प्लग. मोजा. छप्पन्न. छप्पन्न प्लग पुसून होईपर्यंत लेहची गोष्ट बरोबर एकदा पुरी व्हायची.

१९४८ चा मे महिना. कारगिल शत्रूनं घेतलेलं. पुढे लेह. लेहमध्ये आपली माणसं किती? मूठभर. मेजर पृथी चंद फेब्रुवारी-मार्चच्या बर्फातून झोजिला खिंड पायी ओलांडून थोडे लाहौली जवान घेऊन पोचले होते. त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू नावाचे लडाखी इंजिनिअर. त्यांनी गावकरी गोळा केले आणि सिंधूच्या काठी वाळू-दगडांत धावपट्टी आखली. रोलर नाही, डांबर नाही. फावडी, टोपल्या आणि माणसं. पट्टी झाली. विमान कुठाय?

जनरल थिमय्यांकडे त्या भागाची जबाबदारी होती. रस्त्यानं कुमक पाठवावी, तर लेह पडायच्या आधी ती पोचणार नाही. त्यांनी मेहर सिंगांना गाठलं. पुढचं दोन तऱ्हांनी ऐकलंय. काही सांगतात, मेहर सिंग म्हणाले, ‘मी नेतो, पण पहिल्या विमानात तुम्ही बसायचं.’ काही सांगतात, थिमय्याच हटून बसले, की पहिल्या विमानात मी येणार. आमचे वॉरंट ऑफिसर दोन्ही सांगायचे. एका दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते. कसंही असो, २४ मे रोजी दोघं एकाच विमानात होते.

आता जरा डोळ्यांपुढे आणा. डकोटाची केबिन बंदिस्त नसते. म्हणजे बाहेर जी हवा तीच आत. आज तुम्ही लेहला जाता तेव्हा वर आत हवा भरलेली असते, चहासुद्धा मिळतो. यांच्याकडे पंखांवरचा बर्फ झाडायची सोय नाही. त्या मार्गाचा विमानासाठी नकाशा नाही. मार्गच नव्हता, तर नकाशा कुठला! श्रीनगरहून निघायचं, सोनमर्गच्या अंगानं सिंद नदी धरायची. ही सिंद वेगळी, सिंधू वेगळी. शाळेत आमच्या गुरुजींनीही हा घोळ घातला होता. मग झोजिला, साडेअकरा हजार फूट. मग द्रासचं खोरं. मग फोतूला ही दुसरी खिंड, तेरा हजारांच्या वर. दोन्ही बाजूंना शिखरं वीस हजारांची. खिंड ओलांडायची म्हणजे नुसती तिच्यावरून जायचं नव्हे. खालून वारा विमानाला कधी उचलतो, कधी खाली आपटतो, त्यासाठी वर भरपूर जागा हवी. आणि खोरं अरुंद झालं, पुढे ढग आला, तर डकोटाला तिथल्या तिथे वळता येत नाही. पहाडात ढग दिसला की आत डोंगर आहे असंच धरायचं.

यात एक इंजिन गेलं तर? एरवी डकोटा एका इंजिनावर घरी येते, माझ्या डोळ्यांसमोर आल्यात. पण एका इंजिनावर ती फोतूलाच्या वर राहू शकत नाही. म्हणजे त्या वाटेवर दुसरं इंजिन हे नुसतं सोबतीला नाही. दोन्ही चालली पाहिजेत. वॉरंट ऑफिसर इथे थांबायचे, प्लग उजेडात धरायचे, फुंकर मारायचे आणि म्हणायचे, ‘निघायच्या आदल्या रात्री हे मी पुसले होते.’

तिकडे विमान लेहवर आलं. साडेदहा हजार फुटांच्या वरची पट्टी. विरळ हवेत उतरणं कसं वेगळं पडतं, हे थोडक्यात सांगतो. हवा पातळ असली की पंखाला तोलायला जास्त वेग लागतो. वैमानिकासमोरचं घड्याळ म्हणतं ऐंशी नॉट, पण चाकाखालची जमीन पंचाण्णवनं पळत असते. उतरताना जास्त लांब जावं लागतं, उडताना त्याहून लांब. इंजिनालाही हवा कमी, म्हणून जोर कमी. बस, एवढंच. उंचावर कुकरशिवाय डाळ शिजत नाही ना, तसं तिथे सगळ्याच गोष्टींचं गणित बदलतं.

मेहर सिंगांनी डकोटा वाळूत टेकवली. डकोटाचं शेपूट खाली असतं, नाक वर. जमिनीवर आली की वैमानिकाला समोरचं काही दिसत नाही, बाजूच्या खिडकीतून डोकं काढून बघावं लागतं. बाजूला काय दिसलं असेल? वाळू, सिंधू, आणि आयुष्यात पहिल्यांदा विमान बघणारी माणसं.

आणि आता माझा आवडता भाग. इंजिनं बंद करायची नाहीत. परत सांगतो, लेहला इंजिनं बंद करायची नाहीत. का? हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली आठवा. पहाटे उलटी धरली तरी थेंब पडत नाही. इंजिनातलं तेलही गारठ्यात असंच घट्ट होतं. त्यात विरळ हवा. बॅटरीला इंजिन फिरवता फिरवता दम लागतो. आणि नाहीच सुरू झालं तर? तिथे फिटर नाही, बॅटरीची गाडी नाही, सुटे भाग नाहीत. परत जायला रस्ता नाही. विमान तिथेच शोभेला उभं. म्हणून पुढे लेहच्या खेपा सुरू झाल्या तेव्हाही हाच रिवाज राहिला. माल मागच्या दारानं उतरवायचा आणि पुढे इंजिनं घरघरत ठेवायची.

आता लोक सांगतात ती गवताची गोष्ट. तुम्हीही ऐकली असेल. म्हणे, लेहच्या लोकांनी एवढा मोठा प्राणी पाहिला. डोंगरावरून आलाय, दमला असेल, घरघरतोय. म्हणून ते त्याच्यासाठी गवताचे भारे घेऊन आले. सांगणारा हसतो, ऐकणारा हसतो. मला त्या हसण्याचा जरा राग येतो. ज्या माणसांनी टोपल्यांनी धावपट्टी केली, त्यांना विमान म्हणजे काय हे सोनम नोर्बूंनी सांगितलं नसेल? आणि समजा कुणी म्हाताऱ्या बाईनं आणलं गवत, तर त्यात हसण्यासारखं काय? लांबून आलेल्या जनावराला आधी चारा-पाणी द्यायचं, ही माझ्या आजीचीही रीत होती.

फिटर म्हणून माझी शंका निराळी आहे. इंजिनं चालू होती ना? फिरत्या पंख्याजवळ गवत घेऊन जाणार कोण? आणि पंख्यामागे जो वारा सुटतो, त्यात गवताचा भारा टिकेल? काडी न् काडी उडून सिंधूत गेली असती. ही शंका मी वॉरंट ऑफिसरांना बोलून दाखवली. ते काही बोलले नाहीत. पुढचा प्लग उचलला.

तिकडे श्रीनगरला ते स्वतः काय करत होते? बसले होते. रेडिओवरून काय कळेल तेवढं कळायचं, बाकी कान पूर्वेकडे. चहा आला तो तसाच निवला. आपण बसवलेली नळी, आपण आवळलेली तार, सगळं एकेक करून आठवायचं. ती क्लिप मी वाकवली होती ना? वाकवली होती. खरंच? ही फिटरची युद्धातली जागा. पुढे मला शांततेतल्या साध्या उड्डाणातही हे व्हायचं, तर तेव्हा त्यांचं काय झालं असेल!

मग आवाज आला. आधी वाटलं वारा आहे. मग दोन सूर, मग एक सूर. डकोटा उतरली, उभी राहिली, आणि तेव्हा कुठे इंजिनं बंद झाली. वॉरंट ऑफिसर शिडी लावून आधी तेल बघायला चढले. पाहुणे गेले कुठे, कोण काय बोललं, कोणी कोणाला मिठी मारली, ते काही त्यांनी पाहिलं नाही. तेलाची पट्टी पुसली, परत बुडवली, काढली. तेल बरोबर होतं. चिमटीत घेऊन चोळलं. झाकणाच्या कडेला लागली होती वाळू. सिंधूची वाळू. ‘मी लेह पाहिलं नाही,’ ते म्हणायचे, ‘पण माझ्या चिमटीत आलं होतं.’

पुढच्याच महिन्याच्या सुरुवातीला डकोटांतून गुरख्यांची कुमक लेहला उतरली. लेह वाचलं.

दोन बोटं दाखवतायत. म्हणजे दोन मिनिटं. मग भराभर घेतो.

१९६२. त्या जुलैत स्क्वाड्रन लीडर राजे यांनी लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला पॅकेट जातीचं मालवाहू विमान उतरवलं. साडेसोळा हजार फूट, लेहहून सहा हजार फूट उंच. ऑक्टोबरमध्ये चीनशी युद्ध पेटलं. तेव्हा चंडीगडहून एएन-१२ या मोठ्या रशियन मालवाहू विमानांत घालून रणगाडे लडाखमधल्याच चुशूलला नेले. रणगाडे! धावपट्टी चौदा हजार फुटांच्या वर, लोखंडी जाळीच्या पट्ट्या अंथरलेली. यावर खरं तर वेगळं भाषण हवं. बोलावलंत तर येईन.

१९७१. डिसेंबरच्या ११ तारखेला आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला छत्रीधारी पलटण उतरवली. त्यात नवी एएन-१२ होती, पॅकेट होती आणि म्हाताऱ्या डकोटाही होत्या. आणि त्याच युद्धात एएन-१२ चे बॉम्बर केले. विंग कमांडर वशिष्ठ आणि त्यांच्या लोकांनी रात्री लाहोरजवळच्या चांगा मांगा जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यांवर जाऊन मागच्या दारातून बॉम्ब लोटले. वशिष्ठांना महावीर चक्र मिळालं. पुंछची युक्तीच ती, फक्त दार मोठं.

आणि जी डकोटा २७ ऑक्टोबरला श्रीनगरला उतरली होती, व्हीपी ९०५, त्याच नंबराचं एक जुनं विमान दुरुस्त करून २०१८ मध्ये हवाई दलाला भेट मिळालं. परशुराम नाव ठेवलंय. उडतं अजून. संचलनात दिसलं तर टीव्हीचा आवाज बंद करू नका. निवेदक बोलत असतो, त्याच्या बोलण्यामागे इंजिनं ऐकू येतात.

एक बोट. संपवतो.

वॉरंट ऑफिसर निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गाडी सुटायच्या आधी मी परत विचारलं, ‘साहेब, त्या दिवशी विमान परत आल्यावर शेपटाच्या चाकात कुठे गवताची काडी सापडली का?’

ते म्हणाले, ‘मी तेल बघत होतो.’

नमस्कार.